हुग्गीवरचा आळ

कोळार, बीदर
रविवार, दुपार

प्रिय अक्का,

हे पत्र लिहायचं मी कधीपासून म्हणतोय आणि तेव्हापासूनच टाळतोय. एकदा पेन हातात घेतलं तर शाई वाळलेली निघाली, आणि खरं सांगू का, मला बरंच वाटलं. नवं पेन आणायला नाक्यावर गेलो तर तिथं तुरीची ट्रॉली उलटलेली. पोती भरू लागलो, मग चहा झाला, मग ट्रॉलीवाला भाल्कीचा निघाला आणि त्याच्या मेहुण्याला मी ओळखत होतो. पेन राहिलंच. आई म्हणायची ते खोटं नव्हतं, ह्या पोराला मीठ आणायला पाठवलं तर हे जत्रा बघून येतंय आणि मीठ विसरतंय. आज मात्र फोन बंद करून बसलोय. खोलीवरची बाकीची पोरं नरसिंह झऱ्याला गेलीत. मलाही चल म्हणत होती, आणि मी गेलो नाही. यावरून ओळख की काहीतरी आहे.

फोनवर कामून सांगत नाही म्हणशील. तुमच्या घरी फोन उचलला की तो स्पीकरवरच असतो. मी अक्का म्हणायच्या आत तुझ्या सासूबाईंचा आवाज येतो, "काय रं सोनू, कुठल्या गावात हायस सध्या? का गावबी सोडून दिलास?" मागं शिवराज भाऊजी हसतात, कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी करतं, म्हणजे सगळं घर ऐकायला बसलेलं असतं. अशा फोनवर मी काय बोलणार? सासूबाई मनानं वाईट नाहीत, पण सकाळी त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट दुपारपर्यंत जनवाड्याच्या बसस्टँडवर असते. आणि हे आधी तुला कळायला पाहिजे. म्हणून पत्र. पिराजी दूधवाल्याच्या हाती देईन, तुझ्याच हातात द्यायचं अशी त्याला शपथ घालून.

मागणं आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी भरकटेन. अक्का, बाळंतपण घरी करू नकोस. दिवस भरायच्या आधी बीदरच्या सरकारी दवाखान्यात जा, आणि तिथं रक्त तपासायला मागितलं तर दे. तू काय म्हणशील ते मला इथं बसून ऐकू येतंय. आईच्या पोटात सुई घालून पाणी काढलं आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून तू म्हणालीस, ह्याच्यापुढं माझ्या अंगाला सुई लागू देणार न्हाई, मेले तरी. ती शपथ तू अजून पाळतेस. दवाखान्याची आशाताई तपासायला दारात आली की तू मागच्या दारानं शेतात जातेस, हे मला भाऊजींनीच सांगितलं. लिंगम्मा सुईण घरी येऊन सगळं करील असं ठरलंय, तेही कळलं. तर मी तुला ती शपथ मोड म्हणतोय. का, ते सांगायला मला आपल्या गावापासून, चिंताकीपासून सुरुवात करावी लागेल. कंटाळा करू नकोस. सरळ रस्त्यानं मला जाता येत नाही, पण पोचतो मी.

आपल्या दोघांना एकदमच कावीळ झाली होती ते आठवतं? विहिरीशेजारची गटार फुटली होती आणि अर्ध्या गल्लीची पोरं पिवळी पडली होती. तुला भाताच्या वासानं उलटी यायची. माझी लघवी करडईच्या तेलासारखी झाली होती आणि मी ती पोरांना बोलावून दाखवत होतो. आई आपल्याला घेऊन तेलंगणाच्या हद्दीतल्या त्या म्हाताऱ्याकडे गेली. परातीत चुन्याची निवळी. हात बुडवायला लावून तो वर कसलासा पाला चोळायचा, तेलुगूत काहीतरी पुटपुटायचा, आणि बघता बघता पाणी पिवळं. तू आईच्या पदरात तोंड लपवलंस. मला लई मजा वाटली. मी म्हटलं, "अजून चोळा की, अजून लई हाय आत." म्हाताऱ्यानं परातीतल्या हातानंच मला टपली मारली. येताना आईनं आपल्याला उसाचा रस पाजला, कावीळ झालेल्याला पाजतात म्हणून, आणि स्वतः नुसती बघत उभी राहिली. पुढं थोड्या दिवसांत आपण खणखणीत झालो. आई त्या म्हाताऱ्याला दर वर्षी नारळ पाठवायची, तो मरेपर्यंत, आणि नंतर त्याच्या मुलाला.

म्हणून तिचे स्वतःचे डोळे पिवळे झाले तेव्हा ती घाबरलीच नाही. कावीळ काय, धुतली की उतरते. तिच्या अंगाचं त्याच्या आधीपासून बिनसलं होतं, पण आपण कुणी ते एका धाग्यात ओवलं नाही. संध्याकाळी पाय सुजायचे, तर आपण म्हणायचो दिवसभर रानात उभी असते. अंगाला खाज सुटायची, तर निंबाचा पाला घालून अंघोळ. पोट पुढं यायला लागलं तेव्हा नळावरच्या बाया हसल्या, "भागाबाई, नवरा जाऊन इतकी वर्सं झाली आन् आता काय गं हे?" आई पण हसली, आठवतं? तिला चेष्टा कळायची. मग हात-पाय काड्यांसारखे झाले आणि पोट घागरीसारखं, आणि नळावर कुणी हसेना. ती म्हाताऱ्याच्या मुलाकडे गेली. पाणी पिवळं झालं. घरी येऊन म्हणाली, लई निघाली बघ, आता बरं वाटंल. पाणी पिवळं झालं होतं, मी बघितलं होतं. डोळे मात्र तसेच होते.

आता राजूकाकूवर येतो. पत्र फाडू नकोस. तिचं नाव आलं की तू उठून जातेस, पण आज बस. अप्पा आणि काका दोघंही आपण लहान असतानाच गेले. एका भिंतीच्या अलीकडे आई आणि पलीकडे तिची धाकटी जाऊ, अशा दोन बायकांनी ते घर चालवलं. काकूला मूल नाही, म्हणून तिचं निम्मं जेवण आपल्याच ताटात पडायचं. पंचमीला तिनं हुग्गी केली होती, गव्हाची खीर, गुळाची, वरून खसखस. आईला त्या दिवसांत अन्न नको वाटायचं, पण हुग्गी तिनं वाटी पुसून खाल्ली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात तू तिचे पिवळे डोळे पहिल्यांदा बघितलेस. बस, एवढंच घडलं होतं. हुग्गी आणि दुसरी सकाळ. त्या दोघींच्या मध्ये गावानं काय काय भरलं ते तुला माहीत आहे.

मला वाटतं, आई बरळायला लागली नसती तर काकू वाचली असती. दिवसा आई मेल्यासारखी झोपायची आणि अंधार पडला की टक्क जागी. हाताचे पंजे आपोआप फडफडायचे, पाखराला धरल्यावर होतं तसे. तोंडाला एक गोडसर, नासक्या फळासारखा वास यायचा. मला अप्पांच्या नावानं हाक मारायची. एकदा चुलीत मूठभर मीठ टाकून म्हणाली, फोडणी दिली, वास बघ कसा सुटलाय. आणि एकदा मी तिच्या उशाशी बसलो होतो, तर माझ्या खांद्यावरून मागं बघत अगदी शांतपणे म्हणाली, "सोनू, तुझ्या मागं कोण उभं हाय रं? बस म्हण की त्याला. कवाचं उभं हाय." तिला भीती वाटत नव्हती, अक्का. पाहुणा आलाय आणि पोरानं पाट दिला नाही, याची तिला लाज वाटत होती. मी मागं बघितलं नाही. अजूनही बघत नाही. कुठंही गेलो तरी पाठ भिंतीला लावून बसतो, आणि जिथं भिंत मिळत नाही तिथून चार दिवसांत निघतो. बोअरच्या गाडीवर होतो, तिथं उघड्या रानात झोपायला लागायचं, ते सोडलं. कलबुर्गीच्या दालमिलमध्ये बरं चाललं होतं, पोत्यांची थप्पी पाठीला असायची. एके दिवशी सगळा माल उचलला गेला आणि मागं मोकळी जागा झाली. मी हजेरीचे पैसे न घेता बस धरली. सेडमला होतो, जहिराबादला होतो. तुला वाटतं हा पोरगा एका जागी बसत नाही, याला कामाचा कंटाळा. बसायला मला आवडतं गं.

त्याच दिवसांत आई एकदा म्हणाली, "राजू, तू कामून दिलास गं?" काय दिलं, कधी दिलं, तिला तरी ठाऊक होतं का? पण ते दारात बसलेल्या बायकांनी ऐकलं. देवऋषी आला, लिंबू कापलं, अन्नातनं घातलंय म्हणाला. भानामती हा शब्द त्यानं उच्चारला पण नाही, अंगणातल्या लोकांनीच तो आपापसात वाटून घेतला. काकू दुसऱ्या दिवशी पेजेचं पातेलं घेऊन आली, आणि तू ते अंगणात भिरकावलंस. "आता काय मारूनच टाकनार हायस का तिला?" म्हणालीस. काकू पातेलं उचलायलासुद्धा वाकली नाही. मी तुला दोष द्यायला हे लिहीत नाही, सगळी गल्ली मागं उभी होती आणि आपली आई आत मरत होती. पुढं काकूच्या सावलीतून पोरं पळायला लागली, नळावर तिची घागर कुणी आपल्या घागरीला लागू देईना. आईचे दिवस झाले, आणि काकू गेली. कुठं गेली ते कुणी विचारलं नाही.

ती इथं आहे, अक्का. कोळारात. एका बियाण्याच्या गोदामात झाडलोट करते, मागच्या गल्लीत पत्र्याच्या खोलीत राहते. गोदामात गाडी खाली करायला गेलो आणि ती झाडू घेऊन समोर. मला वाटलं तोंड फिरवील. ती म्हणाली, "किती वाळलास रं." मग मी तिच्या खोलीवर गेलो. पाणी मागितलं तर तिनं कोपऱ्यातला माठ दाखवला, "तूच घे बाबा. माझ्या हातानं न्हाई देत मी कुनाला." मला आधी वाटलं राग आहे. राग नव्हता. ती म्हणाली, "मलाबी तसंच वाटायलंय सोनू. मी तर मनापासूनच केलते हुग्गी. पर हाताचं काय सांगावं? हाताला काय तर लागलं आसंल, मला ठाव नसताना." तेव्हापासून तिनं कुणाला घासभर वाढलेलं नाही. गोदामातल्या बाया दुपारी डबे उघडून गोल बसतात, ही पाठ करून जेवते. लोक म्हणतात ते ऐकून ऐकून तिनं स्वतःच ते खरं मानलंय. आपण तर गावातून निघालो, ती अजून त्याच अंगणात उभी आहे.

आता एका डॉक्टरीणबाईंबद्दल सांगतो. मी तिथं कसा पोचलो ते शेवटी. कलबुर्गीकडच्या आहेत, निम्मं कानडीत निम्मं मराठीत बोलतात, आणि हसत नाहीत, पण ओरडतही नाहीत. मी त्यांना म्हटलं, बाई, कावीळ मला लहानपणीच होऊन गेली, उतरवून पण घेतली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, कावीळ हे एका आजाराचं नाव नाही रे, आडनाव आहे. त्या आडनावाच्या घरात पाच भाऊ राहतात, ए, बी, सी, डी आणि ई. नावं ठेवणाऱ्यानं फार डोकं चालवलेलं दिसत नाही. ए आणि ई घाण पाण्यातून येतात, अंगणात धिंगाणा घालतात आणि बहुतेक वेळा आपल्या पायांनी निघून जातात. आपल्याला झाली ती ए असणार, गटारीच्या पाण्याची. म्हातारा नसता तरी ती गेलीच असती, नुसत्या चहानं हात धुतले असते तरी. ई मात्र पोटुशा बाईला फार वाईट, म्हणून पाणी उकळून पी, हे मधेच सांगून ठेवतो. बी आणि सी रक्तातून येतात. एकाला वापरलेली सुई दुसऱ्याला, वस्तरा, गोंदण, तपासणी न करता चढवलेलं रक्त, नवरा-बायकोतून, आणि आईकडून बाळंतपणात बाळाला. हे दोघं धिंगाणा घालत नाहीत. गुपचूप येऊन बसतात, वर्षानुवर्षं, माणसाला काही कळत नाही. डी म्हणजे गाडीवरचा क्लीनर. बीची गाडी असल्याशिवाय त्याला कुठं जाता येत नाही. आणि ह्या भावांशिवायही बिघडतंच, दारूनं बिघडतं, न पिणाऱ्यांच्यात चरबी चढून बिघडतं. मी विचारलं, बिघडतं म्हणजे नेमकं काय? तर म्हणाल्या, बोकडाची कलेजी खातोस ना, तीच. आपल्यालाही असते, उजव्या बरगडीखाली. ती हळूहळू दगड होत जाते.

मग त्या पुढं सांगत गेल्या, अक्का. दगड झालेल्या कलेजीतून रक्त जाईना की पाणी पोटात झिरपतं, पोट घागरीसारखं होतं आणि हात-पाय वाळतात. पाय सुजतात. अंगाला खाज सुटते. रक्त गाळलं जात नाही, ते तसंच डोक्यात चढतं, मग माणूस दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, पंजे फडफडतात, तोंडाला गोड वास येतो, घरच्यांची नावं उलटीपालटी होतात, नसलेली माणसं दिसतात. ती बाई आपल्या घरी कधी आली नाही. चिंताकी कुठं आहे तेही तिला माहीत नाही. आणि ती आपल्या आईच्या खाटेपाशी उभं राहून बघितल्यासारखं सांगत होती. मी विचारलं, हे सगळं किती दिवसांत होतं? जेवणातून काही गेलं तर दुसऱ्या दिवशी होतं का? म्हणाल्या, दिवसांत नाही होत. वीस वर्षं, तीस वर्षं लागतात. तुझी आई पोरगी असेल तेव्हाच तिच्या अंगात हे शिरलेलं असेल.

आईच्या हातावरची गोंदणं आठव. मनगटावर तुळस, हनुवटीवर ठिपका. लग्नाआधी जत्रेत मावश्यांबरोबर ओळीनं बसून गोंदवून घेतली होती म्हणून ती कौतुकानं सांगायची, एकच बाई आणि एकच सुई, आणि कोण जास्त रडलं याची चेष्टा. तिथून आलं असेल. किंवा गावात सायकलवर येऊन ताप आला की टोचून जायचा त्या माणसाकडून. किंवा आपल्या आजीकडूनच. बाई म्हणाल्या, कुठून आलं ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. आणि मी पोटातल्या सुईचंही विचारलं, तुझ्या वतीनं. म्हणाल्या, त्या सुईनं ती गेली नाही. सुई लागली तेव्हा फार म्हणजे फारच उशीर झाला होता. पाणी काढलं म्हणून शेवटी तिला श्वास तरी घेता आला असेल. मला ते आठवलं, तुलाही आठवेल. पाणी काढल्यावर आई कुशीवर वळून झोपली होती, कितीतरी दिवसांनी.

हे सगळं मला कळलं, समजलंही. तरी बाहेर आल्यावर मी बाकावर बसलो तो भिंतीकडचाच. आईला जे दिसत होतं ते तिच्या डोक्यात होतं, माझ्या मागं नव्हतं, हे मी स्वतःला रोज सांगतो. पाठीला अजून पटत नाही.

संध्याकाळी काकूकडे गेलो. तिला भाऊ-बिऊ सांगत बसलो नाही. म्हटलं, काकू, आईला जे झालतं ते तिच्या लग्नाआधीपासून तिच्या रक्तात होतं. तुझ्या वाटीचा त्याच्याशी काय संबंध नाही. तिनं झाडू भिंतीला लावला. "म्हंजी माझी हुग्गी न्हवं?" न्हवं काकू. "अजून एकदा सांग." मी अजून एकदा सांगितलं. तिला रडू येईल म्हणून मी खाली बघत होतो. ती उठली, हात धुतले, परत धुतले, आणि विचारलं, "च्या करू का? पेशील?" चहा फार गोड झाला होता, सवय गेली असणार. पेला तिनं माझ्या हातात दिला, आणि मी पिऊन होईपर्यंत समोरून हलली नाही. जणू काही होतंय का बघत होती. मग म्हणाली, "आन् जयंतीला सांगितलास का? ती पोटुशी हाय न्हवं?" अंगणात पातेलं फेकलेल्या पोरीची आठवण तिला आधी झाली. स्वतःची नंतर.

तर आता तो शेवट, ज्याच्यासाठी एवढं लांबून आलो. मी डॉक्टरीणबाईंकडे कसा पोचलो? इथं रक्तदानाचं शिबिर होतं. पोरांनी चिडवलं, सोन्या सुईला भितो, म्हणून मी मुद्दाम आधी जाऊन झोपलो. थोड्या दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं, एकट्यानं या म्हणाले, आणि तिथून बाईंकडे पाठवलं. अक्का, माझ्या रक्तात बी आहे. आईच्या होता तोच असणार, मी जन्मलो त्याच दिवशी तिच्याकडून घेतलेला. घाबरू नकोस, माझी कलेजी अजून चांगली आहे. वरचेवर तपासायची, लागली तर रोज एक गोळी, दारू नाही. एका ताटात जेवल्यानं, जवळ बसल्यानं तो कुणाला होत नाही. पण बाईंनी मला विचारलं, तुझ्या आईला अजून कोण मुलं? मी म्हटलं, एक बहीण. आणि तिथंच मला तुझे भरत आलेले दिवस आठवले. तुझ्यात असेल, नसेलही. सुई लावल्याशिवाय कळायचं नाही. असला तर तुला काहीच होत नसेल, जसं आईला आपल्या वेळी काही होत नव्हतं. पण तो बाळंतपणात बाळाकडे जातो. आणि त्याला तिथं, दारातच अडवता येतं. जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत बाळाला लस, आणि त्याच्या जोडीला अजून एक इंजेक्शन, मग पुढचे डोस. बहुतेक सगळी बाळं वाचतात. अंगावर पाजता पण येतं. आपल्या दोघांच्या वेळी हे आपल्या गावात नव्हतं. आता आहे. फक्त बाळ दवाखान्यात जन्मायला पाहिजे आणि त्याच्या आईनं हात पुढं करायला पाहिजे. यासाठी लिहीत होतो. इथं सही करून पिराजीला गाठायला निघणार होतो.

पण अक्का, दारात तुझ्या सासूबाई उभ्या आहेत. एकट्याच, रिक्षा बाहेर धडधडतेय. मी आधी ओळखलंच नाही, डोक्यावरचा पदर घसरलेला. "फोन कामून बंद करून बसलास रं, मुडद्या? सगळं कोळार हुडकले मी." तुझं सकाळीच पाणी गेलं म्हणे, अजून दिवस असताना. लिंगम्मानं हात लावून बघितलं आणि स्वतःच म्हणाली, माझ्यानं न्हाई व्हायचं, बीदरला न्या. तू दवाखान्यात आहेस, आणि कुणाला सुई लावू देत नाहीस. आई गेली तशी मी जाते म्हणतेस. "तुजंच ऐकंल ती, चल," म्हणाल्या. पण बाप्यांना आत सोडत नाहीत, म्हणून ह्या शेवटच्या ओळी लिहितोय, आणि पत्र त्याच आत आणून तुला देतील. हो, त्याच. मी त्यांना सांगून टाकलं, उभ्या उभ्या, सगळं. त्यांनी घसरलेला पदर डोक्यावर घेतला. मग म्हणाल्या, "एवढंच? आन् त्येच्यासाठी मला चोरून पत्र लिवायलास व्हय? पोराला टोचायचं तर टोचू की. आधी तिला सांग." मी बाहेर व्हरांड्यात असेन. हे सगळं आत्ता वाचत बसू नकोस, फक्त ही ओळ वाच: सुई आत जाताना मला येतील तेवढ्या शिव्या दे, मोठ्यानं दे, मला बाहेर ऐकू येऊ दे. पण हात मागं घेऊ नकोस.

तुझाच,
सोनू